शुक्रवारची सावली

दोन खोल्या, अकरा मुलं,
आणि पायरीखालीच वरांगरची खाडी.
दर शुक्रवारी, डबे उघडायच्या आधी,
अंगणात उलटा रोवलेल्या झाडूची सावली मोजायची,
हा या सत्राचा आमचा मोठा उद्योग.
झाडू यार्लेचा. तो शाळेची झाडलोट करतो.
"बर्फाआधी परत हवाय," म्हणाला होता.

बाकी नेहमीचंच :
सातचा पाढा, छप्पन्नपाशी दरवेळी अडणारा,
विणण्यापेक्षा उसवण्यात जास्त गेलेली लोकर,
कुणाचा दात कधी पडला त्याचा भिंतीवरचा तक्ता,
आणि उवांबद्दलची चिठ्ठी
घडी घालून सगळ्यांच्याच दप्तरात,
म्हणजे कुणा एकाचं नाव व्हायला नको.

मोजायचं कशानं, यावर पहिला तास गेला.
पट्टी पुरेना, दोरी ताणली जाई.
शेवटी राव्दनाची पावलं ठरली,
टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच,
कारण ती कधीच घाई करत नाही.
पहिल्या शुक्रवारी तेरा.
सप्टेंबर सरता सरता वीस.
मधल्या दोन चौकटींत नुसतं 'ढग'.

ऑक्टोबरात एकोणतीस होती,
पुढच्या शुक्रवारी भरली अठ्ठावीस.
आस्लाक बाकावर चढला,
"सूर्य परत फिरला!"
मी काही बोलले नाही.
असं सुख शिक्षकाच्या वाट्याला वर्षातून एकदा येतं,
ते मी दोन दिवस पुरवून खाल्लं.
मग मंगळवारी, दाराशी कोट अडकवताना
इंगविल्दची नजर खाली गेली :
राव्दनाचे नवे हिवाळी बूट,
आत दोन दोन मोजे.

जुने बूट धाकट्या भावाच्या पायांतून
काढून आणावे लागले.
तेव्हापासून दर शुक्रवारी ती ते कोंबून घालते,
ओठ चावत, तक्रार न करता.

नोव्हेंबरात सावली कुंपणाखालून निसटली,
मासे वाळवायच्या रिकाम्या मांडवांतून,
टपालगाडीचा रस्ता ओलांडून.
आम्ही सगळे चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घालून तिच्या मागे.
टोक इतकं फिकट
की आहे म्हणावं तर आहे.
दोनशे एकाहत्तरला राव्दना थांबली.
पुढे पाणी होतं.

आणि मग तो शुक्रवार.
आकाश स्वच्छ, कडेला निळंगुलाबी,
ढगाचा एक धागा नाही,
झाडू जागच्या जागी,
सावली नाही.

चौकटीत काय लिहायचं?
"शून्य," योस्टाइन म्हणाला, त्याला डबा खायचा होता.
"शून्य कसं? ती इतकी लांब झाली
की संपतच नाही," इंगविल्द.
आस्लाकनं 'ढग' सुचवलं,
म्हणजे एकदाचा वाद मिटेल.

तेकले मार्चमध्ये आला, केरेनहून,
मधे आणखी तीन देश.
शब्द हातात तोलून मग बोलतो.
म्हणाला, "आमच्याकडे मे महिन्यात, भर दुपारी,
सावली चपलेखाली जायची.
पूर्ण.
शून्य तिथं लिहायचं."
मग खिडकीबाहेर बघत,
"हे दुसरं काहीतरी आहे."

खडू माझ्या हातात होता.
वीस वर्षं मी हातचे शिकवतेय,
शून्य म्हणजे काही नाही,
असं किती सहज सांगत आलेय.
मी खडू ठेवला. डबे उघडले.
तपकिरी चीजचा वास खोलीभर.
योस्टाइनच्या पावात
एक दात निघाला,
आणि सगळे त्या तक्त्याकडे धावले.

पालकसभेत कुणीतरी विचारलंच,
ही एक चौकट राहिली का भरायची?
"अजून ठरत नाहीये," राव्दनाची आई परस्पर म्हणाली.
तिच्या घरी जेवताना हाच विषय होता.

काल यार्ले झाडू न्यायला आला.
दोन्ही हातांनी हलवून पाहिला,
लाथ घातली, माझ्याकडे बघून दुसरी नाही घातली.
जमीन गोठलीय.
आता जानेवारीच्या अखेरीपर्यंत तो तिथंच,
अंधारात, डोकं वर करून,
केसांत बर्फ.