सदतीस अंश

भूपाल दूध संघाचा कृत्रिम रेतनवाला.
वडणग्यापासून निगव्यापर्यंत
कुठली म्हैस कधी माजावर येते
ते मालकाआधी त्याला कळतं.
पहाटे फोन, की हा निघाला,
गाडीला मागं बांधलेलं नायट्रोजनचं भांडं,
झाकण काढलं की गार वाफ.
सदतीस अंश पाण्यात कांडी अर्धा मिनिट,
मग पुसायची, कापायची, भरायची.
लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मला हे पाठ झालं,
दुसरं बोलायला त्याला काही सुचायचंच नाही.

आज राजारामपुरीत, दवाखान्यात,
बाथरूममधून तो बाहेर आला
डबी काखेत धरून.
नर्स म्हणाली, द्या इकडं.
म्हणाला, गार होईल.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं :
हे धुऊन घेणार,
पोहून वर येतील तेवढेच उचलणार,
बारीक नळीनं थेट पिशवीत सोडणार.
शंभरात दहा-पंधरा जणींना राहतं,
दोन-तीनदा करावं लागेल.
भूपाल म्हणाला, म्हशीत चाळीस पडतंय की.
मी हसले. मग त्याही.
तो नाही हसला.
रेड्यांचे आकडे मोठ्यांदा सांगणारा माणूस,
स्वतःच्या रिपोर्टाच्या त्यानं चार घड्या घातल्यात.

सासूबाईंना वाटतंय, दाढ काढायला गेलोय.

आत बाईंनी विचारलं, दुखतंय का?
म्हशीला कोण विचारतंय.
पण भूपाल विचारतो, मी गोठ्यात ऐकलंय,
पाठीवर हात फिरवत : झालं बाई, झालं.
इथं तो दाराबाहेर.
पंधरा मिनिटं मी छताकडं बघत पडले
आणि स्वतःलाच म्हटलं, झालं बाई.

येताना एकेक खड्डा चुकवत त्यानं गाडी चालवली,
जशी भांड्यातली वाफ सांडेल.
गंगावेशीत कट्ट्यावर थांबलो,
समोर पिळलेलं, फेसाळ दूध.
म्हशीकडं त्यानं बघितलं नाही.
मी म्हटलं, एकवीस दिवसांनी गोठ्यात जाऊन
उलटली का म्हणून विचारतोस,
तसं मला विचारायचं नाही.
चौदा दिवस आहेत. उलटले तर मीच सांगेन.
बरं, म्हणाला.

ग्लास धरलेल्या डाव्या हातावर पेनानं लिहिलेलं :
११.४०.
मालकाचं नाव नाही, बिल्ला नाही, नंबर नाही.

रात्री जेवायला बसला तेव्हा
उजवा हात धुतलेला होता,
डावा कोरडा.