हातचा

ऑगस्टातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी साडेसहाला,
आम्ही सगळे वीतभर खुजे झालो.
होस्टेटलर बाईंच्या वर्गात आया नि बाप
मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी.
शेजारचा ट्रकवाला म्हणाला, बसलोय खरा,
उठवायला आता क्रेन मागवा.

बाईंनी पिवळा कागद वाटला. चौथीत काय काय होईल.
गुणाकार मोठे होतील, भागाकार लांबत जातील,
कोणीतरी रडेल,
पोर की पालक, ते घरोघरी वेगळं.
आतापर्यंत ती वाचायला शिकली,
यंदा शिकण्यासाठी वाचतील.
आणि जानेवारीत घरी एक प्लास्टिकची बासरी येईल,
तिच्याबद्दल मी आजच माफी मागते.

मी किराण्याच्या पावतीमागे सगळं उतरवून घेतलं.
चाळीसगावला मी चौथीत असताना
अण्णा माझ्या वर्गात एकदाही आले नाहीत.
स्कॉलरशिपच्या निकालाला मात्र
फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते,
आत या म्हटलं तर म्हणाले, चेन पडलीये.

सप्टेंबरात भागाकार आला.
म्हटलं, बघ शाल्मली, सोपं आहे,
वरून आकडा खाली उतरव,
वजा होत नसेल तर शेजारून हातचा घे.
ती म्हणाली, कोणाच्या हातचा?

कोणाच्या?
तीस वर्षं घेत आले, विचारलं नव्हतं.

तिने चौकोन आखले, चौकोनांत चौकोन,
संख्येचे लचके तोडून एकेका खणात ठेवले,
शेवटी बेरीज केली.
उत्तर माझंच आलं,
पण माझ्या वाटेवरून नाही.

इतिहासात आम्हाला गड होते, तोंडपाठ.
हिला इंडियाना. नद्या, कालवे,
इथे आधी कोण राहत होतं आणि मग कुठे गेलं
याचं एकच पान, ते तिने दोनदा वाचलं.
मग प्रकल्प: तुमचं घराणं या राज्यात कधी आलं?
ब्रेडनचे खापरपणजोबा खेचरावरून आले होते.
शाल्मलीने लिहिलं, आम्ही २०१७ साली आलो.
बरोबर कुकर होता. तिसऱ्या शिट्टीला
बिल्डिंगचा धुराचा भोंगा वाजला
आणि आगीचा बंब आमचा पहिला पाहुणा.
वर्ग खूप हसला म्हणे. हे सांगताना
ती हसत होती की नाही, मला नीट कळलं नाही.

नोव्हेंबरात कोणीतरी कट्टी केली.
नाव सांगेना. उशीत तोंड खुपसून एवढंच,
आई, इंग्लिशमध्ये कट्टीला शब्दच नाहीये,
मग बट्टी कशी करायची?
हेही पिवळ्या कागदावर नव्हतं.

बासरी मात्र वेळेवर आली.
तीन सूर, तेच तीन, जेवणाआधी आणि नंतर.
मंदार दिवसभर इंजिनांच्या चाचणीखोलीत
कानांवर बोंडं लावून उभा असतो.
परवा ती बोंडं तो घरी घेऊन आला.
वाजव बाळा, म्हणाला, मस्त,
आणि खरंच समोर बसून राहिला.

काल गणित करता करता तिने विचारलं,
बाकी तीन उरली, या तिनाचं काय करू?
बाजूला लिहून ठेव.
टाकून नाही द्यायची?
नाही गं. पाचवीत तिचेही तुकडे करायला शिकवतात.
हं, म्हणाली, आणि पेन्सिल चावत बसली.

आज सकाळी बर्फ साचला होता.
दारातच म्हणाली, तू ना, टपालपेटीपाशीच थांब.
बरं म्हटलं.
तिथून बसच्या थांब्यापर्यंत अठरा पावलं आहेत,
तिची. माझी तेरा.
तिने वळून पाहिलं नाही,
पण बसमध्ये चढताना
डावा हातमोजा काढून
उगाचच पुन्हा घातला.