कच्च्या

शंभर मोजायच्या असतात.
मुंबई नाक्यावरची लॅब, दुपारचे अडीच,
तेलाचा थेंब, शंभरची लेन्स,
डाव्या हाताखाली काउंटर.

तेजल गांगुर्डे, वय नऊ, जेल रोड.
कमरेच्या हाडातून ओढलेला मगज
लेशमनमध्ये जांभळा झालाय.
पिकलेली पेशी शोधत जाते मी.
एक सापडते, मग बराच वेळ नाही.
बाकी सगळ्या कच्च्या,
भलंमोठं केंद्रक, भोवती निळा काठ जेमतेम,
हाताला काम कसलंच नाही,
नुसती एकीच्या दोन व्हायची घाई.
दिसायला वाईट नाहीत.
पोरंच ती, मोठं व्हायचं विसरलेली.
सत्त्याऐंशी.

तिचा बाप नोटांच्या प्रेसमध्ये तपासनीस.
डॉक्टर समजावत होत्या, तो मध्येच म्हणाला,
"म्हणजे एकाच बाजूनं छापलेला कागद
बंडलं बांधून बाहेर पडतोय,
आणि खऱ्या मालाला गोदामात जागा नाही."
डॉक्टर थांबल्या. हो, म्हणाल्या.
"असा ताव निघाला तर आम्ही मशीन बंद करतो."
"इथंही करू. थोडे दिवस सगळंच बंद पडेल,
चांगलंसुद्धा."

एकोणतिसावा दिवस.
जानेवारी, नाशिकची थंडी,
तेजलच्या डोक्यावर भावाची माकडटोपी.
निवृत्ती गांगुर्डे जुना रिपोर्ट
खिडकीच्या उजेडाला धरून बघतायत,
सवयीनं.
"हे मी वाजवू?" ती काउंटरकडे बोट करते.
शून्यावर आणून देते तिच्या हातात.
टक. टक टक.
स्लाइड अजून ओली आहे.