आठवी ब, तिसरा तास

धड्यात महायुद्धाला साडेतीन पानं आहेत.
कारणं पाच, परिणाम सात,
आणि एक नकाशा, ज्यात कोल्हापूर नाही.

म्हटलं, पुस्तकं मिटा.
साल त्रेचाळीस. गाव हेच, वळिवडे.
स्टेशनात गाडी थांबलीय.
पोलंडची बायकापोरं उतरतायत,
सायबेरिया, इराण, कराची करत करत
इथवर पोचलेली.
तुम्ही तिथं उभे आहात.
कोण म्हणून, ते तुमचं तुम्ही ठरवा.
एक पान लिहा.

"बाई, पोलिश म्हंजे बूटपालिशवाले?"
मागचा बाक हसला, मलाही हसू आवरेना.
मग सांगितलं: पाच हजार माणसं, कौलारू बराकी,
आता जिथं गांधीनगरात
साड्यांचे गठ्ठे टेम्पोतून उतरतात ना,
तिथंच.

प्रज्योतनं पहिल्याच परिच्छेदात सतरा बॉम्ब टाकले.
अरे, इथं एकही पडला नव्हता.
"मग बाई, लढाई कुठाय?"
मी खडू धरून नुसती उभी.
बीएडला हा प्रश्न आला नव्हता.

अल्फिया मुजावर पाववाल्याची बायको झाली.
तिच्या पानातली पोरगी रोज पाव घेते,
अर्धा खाते, अर्धा उशीखाली ठेवते.
उशीला मुंग्या लागतात.
तरी ठेवते.
कुठं वाचलंस गं हे?
"कुठंच न्हाई. उपाशी राहिलेलं माणूस असंच करंल न्हवं?"

वह्या घरी आणल्या. कुकर शिट्ट्या देत होता.

जिया चुगवाणीचं पान पाच वर्षं उशिरा सुरू होतं.
बराक रिकामी. आता दुसऱ्या गाडीतून सिंधी माणसं उतरतात.
तिच्या पणजीला दाराच्या चौकटीवर
पेन्सिलच्या रेघा दिसतात,
एकीवर एक,
कुणाचं तरी पोर इतकं, मग इतकं,
मग इतकं उंच झालेलं.
पणजी रेघा पुसत नाही.
आपल्या पोराला तिथंच टेकवून उभं करते
आणि आणखी एक मारते.
खाली बारीक अक्षरात:
हे मी बनवलंय. पणजीला मी बघितलेलं नाही.

अवधूत हेरवाडे. एरवी चार ओळी, आजही चारच.
'आमचा पणजोबा मराठा पलटणीतनं इटलीला गेला.
त्यांची पोरं हिकडं आली.
वाटंत कुठंतरी दोन्ही गाड्या शेजारी थांबल्या असतील.
मायुद्धात क्रॉसिंग लई असतंय.'

ह राहिला होता.
लाल पेन टेकवलं
आणि तसंच धरून बसले, ठिपका पसरेपर्यंत.
भाजी करपली ते वासानं कळलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, पणजोबा परत आले का रे?
"ठावं न्हाई, बाई.
एक पितळी मग हाय घरात.
आई त्यानं तांदूळ मोजती."

गुणांचा रकाना अजून कोराच आहे.
हेडसर दोनदा विचारून गेले.

आठवड्यानं प्रज्योत नवं पान घेऊन आला.
सोळा बॉम्ब खोडलेले. एक ठेवलाय,
पण तो पडत नाही.
विमानाचा नुसता आवाज येतो,
आपल्या गावची पोरं हात हलवत रस्त्यावर धावतात,
आणि ती पोरगी
काही न बोलता बाकाखाली जाते.
पोरं थांबतात.
वर बघायचं सोडून
तिच्याकडं बघत राहतात.

वाचून होतंय तोवर
उजळाईवाडीचं विमान खरंच वरून गेलं.
वर्ग खिडकीला भिडला, नेहमीसारखा.
प्रज्योतही उठला,
दोन पावलं गेला,
आणि का कुणास ठाऊक
वाकून
आपल्या बाकाखाली बघून आला.