बील्ड

प्रश्न क्रमांक एकशे बारा:
माळावर, जनावरांसाठी, वारा अडवायला जे बांधतात
त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?
खाली बारीक अक्षरांत: उत्तर सुचवू नये.

आयझॅक रिगनं तोंडातला पाइप काढला नाही.
हनुवटीनंच दाखवलं चढावर.
छप्पर नाही, दार नाही,
छातीएवढ्या दगडी भिंतींची नुसती एक फुली,
वरून कुणी डोंगराचं उत्तर चूक ठरवल्यासारखी.
"बील्ड," तो म्हणाला.
पुन्हा एकदा म्हणाल?
"बील्ड. कमी ऐकू येतं का गं तुला?"

मी लिहून घेतलं. स्वर लांब,
शेवटचा ड जिभेच्या टोकावर जेमतेम टेकलेला.
पेनरिथची शेवटची बस चारला होती.

न्यूकॅसलच्या ग्रंथालयात, हातमोजे न काढता,
मी तो शब्द खणत खाली गेले.
वरच्या थरात भिंत. तिच्याखाली आसरा.
आसऱ्याखाली मदत,
मदतीखाली कुणीतरी कुणाला दिलेला धीर,
आणि अगदी तळाशी, हजार वर्षांमागे,
ना दगड, ना चुना:
धाडस.
बोल्ड नावाच्या शब्दाची ही सख्खी लेक.
कोशात ती छापलीही होती ठळक, जाड टायपात,
छापखान्यात ज्याला बोल्डच म्हणतात;
लेकीच्या अंगावर आईचा कोट.
मी एकटीच हसले.
समोरच्या गृहस्थानं चष्म्यावरून पाहिलं.

छातीतली गोष्ट डोंगरावर कशी गेली?
कोण आधी धीट झालं,
भिंत बांधणारा, की भिंतीला पाठ लावणारा?

मार्चमध्ये पुन्हा गेले. कामाशिवाय.
म्हातारा फुलीच्या आतल्या कोपऱ्यात बसला होता,
ढासळलेला एक हात नीट करत.
मॉस, त्याचा कुत्रा, त्याच्या बुटांवर झोपलेला.
मी सगळं सांगितलं, घाईघाईनं,
शाळेत पहिली आलेली मुलगी सांगते तसं.
तो दगड फिरवत राहिला, त्याचं तोंड शोधत.

"धाडस?" तो म्हणाला.
"माझ्या आजानं बांधलंय हे.
एका हिवाळ्यात त्याच्या साठ मेंढ्या बर्फाखाली गेल्या.
खणून काढल्या तेव्हा
जगलेल्यांनी स्वतःची लोकर खाल्लेली होती.
पुढच्या वसंतात तो वर आला
आणि जूनपर्यंत बांधत होता.
रात्री वारा सुटला की अंथरुणात उठून बसायचा.
यातला एकेक दगड भीतीचा आहे, पोरी.
लिही ते."

वहीत त्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं,
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं, मग खोडलं.

तो म्हणाला, बसलीच आहेस तर पोटभरण दे.
मला कळलं नाही. त्यानं दाखवलं:
भिंत एक नसते, दोन असतात,
एकमेकींकडे झुकलेल्या,
आणि मधल्या पोकळीत कोंबायचे
मुठीत मावतील असे बिननावाचे दगड.
बाहेरून ते दिसत नाहीत.
ते नसले तर मात्र पहिल्याच थंडीत
दोघी फुगून आडव्या होतात.

मी वेचून देत गेले. बोटं बधिर झाली.
कोशकार कुठल्या थराला हे लिहितील, कोण जाणे.
हेस्टरनं, त्याच्या बहिणीनं, दिलेला ब्रेड आणि चीज
आम्ही भिंतीला पाठ लावून खाल्लं.
डोक्यावरून वारा जात होता,
आमच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा.

मग तो फिरला. उत्तरेकडून थेट तोंडावर.
मॉस सगळ्यांत आधी उठला,
त्याच्यामागे म्हातारा, पाइप सावरत,
त्याच्यामागे मी, वही कोटात घालून.
फुलीचा एक हात ओलांडून
पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसलो.

चारची बस गेली असणार.