घट

टिंबर मार्केटात मी माप घेतो.
लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, भागिले एकशे चव्वेचाळीस.
कानामागे पेन्सिल, बोटांना राळेचा काळा चिकटा,
सव्वीस वर्षं.
लाकूड खोटं बोलत नाही, असं शिकवणारा
नथू मापाडी वारला. त्याला ते खरंच वाटत होतं.

पाऊस संपला की थप्प्यांच्या पायाशी
पीठ दिसायला लागतं.
बेसनाहून फिकं, चिमटीत चोळलं तर
पावडरच्या डब्यातून सांडल्यासारखं.
सागाच्या गाभ्याला तो भुंगा शिवत नाही.
त्याला आंबा लागतो, सावर, रबरवुड, सागाची पांढरी कड,
झाडानं स्वतःपुरतं गोड काही
जिथं साठवून ठेवलेलं असतं तिथं.
म्हणून जुने बुरूड बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडत.
आता ट्रक मिळेल त्या दिवशी बांबू तुटतो.

आम्ही झाडू मारतो.
डब्यातलं उग्र औषध ब्रशनं फिरवतो,
भोकांत मेण आणि भुसा, वरून पॉलिश.
गिऱ्हाईक लाकूड डोळ्यांनी घेतं.

मंगळवारी थिटेबाई आल्या, घोरपडे पेठेतून, चालत.
गल्ल्यावर कागदाची पुडी सोडली,
अंगाऱ्याची सोडतात तशी, जपून.
“दिवाणाखाली. रोज सकाळी.
मी झाडते, ते परत.”
दामजीशेठ म्हणाले, वाळवी नाही बाई, घाबरू नका.
खरं होतं. वाळवी नव्हतीच.
बाई माझ्याकडे वळल्या,
“भोकं बुजवली की मरतील ना?”

सांगायला हवं होतं:
भोक म्हणजे तो आत शिरला असं नसतं, बाई,
भोक म्हणजे तो गेला.
अंडं पडलं तेव्हा फळी इथंच होती, माझ्या टेपखाली.
वर्षभर तो आतून अंधार खात गुबगुबीत झाला,
वर तुम्ही झोपलात, कूस बदललीत,
आणि पंख फुटल्यावर एका रात्री
टाचणीच्या डोक्याएवढी खिडकी पाडून
उडाला. बाकीचे अजून जेवतायत.

मी म्हणालो, “उन्हात ठेवून बघा.”

त्या फळ्या मीच मापल्या होत्या.
आजही माप तेवढंच भरेल.
लांबी तीच, जाडी तीच, कडा काटकोनात.
आतली पोकळी वजा करायची
आमच्या धंद्यात रीत नाही.

दुपारी नाना पेठेत मसालेवाल्याच्या काट्यावर पुडी ठेवली.
वेलची जोखणारा पोरगा म्हणाला, “हळद का? जुनी दिसते.”
अकरा ग्रॅम. कागद सोडून नऊ.

आमच्या वहीत शेवटचा रकाना घटीचा.
ओल सुकून जाते ती, करवतीत जाते ती,
सगळी अंदाजानं.
तिथं लिहिलं: थिटेबाई, नऊ ग्रॅम.
संध्याकाळी शेठनी वही पाहिली, चश्मा कपाळावर सरकवला.
“याला दर काय लावायचा?”
मी गप्प. त्यांनी खोडलं मात्र नाही.

शटर ओढण्याआधी थप्पीला कान लावला.
कुरतडणं ऐकू येतं म्हणतात.
मला शंकरशेठ रस्त्यावरचा टेम्पो ऐकू आला.
मग बोटाच्या पेरानं एकेक फळी वाजवत गेलो.
सातवी बद्द वाजली.
तिच्यावर खडूनं, माझ्याच अक्षरात:
दीड घनफूट.