खालून तिसरी पायरी

हडर्सफील्डच्या वाचनालयात मंगळवारी संध्याकाळी
मिसेस ओल्डरॉइड फळ्यावर शिडी काढतात.
तळाशी 'अ बिट हॅपी', मग 'फेअरली',
मग 'क्वाइट', त्यावर 'व्हेरी',
आणि पार वर, छताला डोकं आपटेल तिथे,
'एक्स्ट्रीमली'.
अमेरिकेत हे क्वाइट दोन पायऱ्या वर राहायला गेलंय,
त्या म्हणाल्या, इथे मात्र जपून.

तेस्फायने विचारलं, पायरी चुकली तर?
त्या हसल्या.
किती, ते शिडीवर नव्हतं.

तुमच्या भाषेत कसं?
म्हटलं, बरं. अगदीच झालं तर बऱ्यापैकी.
आनंद दोनदा मात्र म्हणायचा नाही:
'आनंदीआनंद' म्हणजे सगळा बट्ट्याबोळ.
हे इंग्रजीत समजावता समजावता
साडेसात वाजले, आणि माझी बस गेली.

घरी पोचले तर जिन्यात मिस्टर क्राउदर,
हातात किल्ली, डोक्यावर ओली टोपी.
सहा वर्षांनी त्यांचा मुलगा पर्थहून आलेला,
आत अंडी तळत होता, शीळ वाजवत.
'क्वाइट प्लीज्ड,' ते म्हणाले,
'क्वाइट प्लीज्ड, अ‍ॅक्चुअली,'
आणि किल्ली कुलपात घालत राहिले,
पडली, उचलली, पुन्हा पडली.
दार तर उघडंच होतं.

मी मनात पायऱ्या मोजल्या.
मग म्हटलं, बरं झालं हो,
मराठीतच,
आणि किल्ली उचलून त्यांच्या खिशात टाकली.